सागवानाचा घेर आणि सूत्राची उलट वाट

अयोध्येच्या राममंदिरासाठी २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, त्या सोहळ्याची साद्यंत हकीकत वाचकांनी वाचलीच आहे. त्या लाकडाची मोजदाद ज्या गणिताने होते, ते मात्र कोणाच्या वृत्तांतात आले नाही आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते.

लठ्ठ्याच्या मध्यावर फीत गुंडाळून घेर घ्यावयाचा, त्याच्या चतुर्थांशाचा वर्ग करावयाचा आणि त्यास लांबीने गुणावयाचे, ही लाकूडव्यवहारातील जुनी रीत. घेर १.६ मीटर व लांबी ४ मीटर असेल, तर ०.४ चा वर्ग ०.१६ आणि आकारमान ०.६४ घनमीटर. लठ्ठा शुद्ध वृत्तचिती मानला तर वास्तविक आकारमान सुमारे ०.८१ भरते, कापणीत वाया जाणारे लाकूड या रीतीने जणू आधीच वजा केलेले असते. वजन काढावयाचे झाल्यास मात्र हे ०.८१ च घ्यावे लागते. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. तेव्हा वाळलेल्या सागाची घनता घनमीटरास सुमारे ६५० किलो धरून गुणाकार केला की काटा न लावता ५३० किलोंच्या आसपास अदमास लागतो.

आता खरेदीदाराने फर्मावले, की मला ४ मीटर लांबीचा, लाकूड-आगाराच्या याच चतुर्थांशाच्या रीतीने बरोबर १ घनमीटर भरणारा लठ्ठा हवा, तर घेर किती पाहावा? शाळांतून पढविला जाणारा घनता-वस्तुमान-आकारमानाचा तो त्रिकोण, ज्यात हवी ती राशी बोटाने झाकून उत्तर वाचावयाचे, तो येथे निरुपयोगी ठरतो, कारण त्यात वर्गाला जागाच नाही. आणि माझे स्पष्ट मत असे, की त्या त्रिकोणाने आमच्या मुलांची विचारशक्ती पंगू केली आहे. गाडीत शेवटी चढविलेला लठ्ठा जसा प्रथम उतरवावा लागतो, तशाच क्रमाने सूत्र उलगडावे: शेवटी लांबीने गुणले होते, म्हणून आधी लांबीने भागावे, ०.२५, मग वर्ग केला होता, म्हणून वर्गमूळ, ०.५, अखेरीस चौपट, म्हणजे २ मीटर.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षकांनी नववीचा वर्ग फीत देऊन एकदा आगारात न्यावा, आणि लांबी ६ मीटर झाली तर तेवढ्याच घनमीटरासाठी घेर वाढेल की घटेल, हे आकडेमोडीपूर्वीच मुलांकडून वदवून घ्यावे, मग १.६३ मीटर हे उत्तर त्यांना पाठ करावे लागणार नाही.