प्रज्ञेवाचून करुणा अपुरी : माळरानावरील निराधार जीव आणि आपले कर्तव्य

‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या बालपणातील एक प्रसंग सांगितला आहे. बाण लागलेला एक पक्षी सिद्धार्थापुढे येऊन पडतो. तो बाण काढतो, जखम बांधतो, पाणी पाजतो आणि पक्ष्याला उराशी धरून ऊब देतो. देवदत्त त्या पक्ष्यावर शिकाऱ्याचा हक्क सांगतो. वाद लवादापुढे जातो आणि मारणाऱ्यापेक्षा वाचविणाऱ्याचा हक्क मोठा ठरतो. आपल्या विहारांतून मुलांना ही कथा नेहमी सांगितली जाते. परंतु तिच्यातून निघणारा एक प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. वाचविण्याचा हक्क म्हणजे जवळ बाळगण्याचा हक्क काय? आणि वाचविणे म्हणजे नेमके काय करणे?

म्हसवड आणि भोवतालच्या माणदेशात हा प्रश्न केवळ कथेतला नाही. माणगंगेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते. या पर्जन्यछायेच्या मुलखातील माळ वरवर उजाड दिसले, तरी ते निर्जीव नाहीत. ससा, खोकड, लांडगा, चिंकारा, घोरपड, पिंगळा आणि तितर यांचे ते घर आहे. शाळूची काढणी, गवताची कापणी, बांधाला लावलेली आग, कठडा नसलेल्या विहिरी आणि रस्त्यावरील वाहने यांमुळे यांपैकी कोणता ना कोणता जीव माणसाच्या हाती येतो. तो बहुधा लहान असतो, एकटा असतो, आणि पाहणाऱ्याचे मन द्रवते.

येथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी गवत कापताना सापडलेली सशाची दोन पिल्ले मुलांनी विहारात आणली. ‘आई सोडून गेली’ असे सर्वांनी गृहीत धरले. आम्ही त्यांना कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले, मुलांनी आळीपाळीने मांडीवर घेतले. तिसऱ्या दिवशी दोन्ही पिल्ले दगावली. मुले रडली. आम्ही त्यांना अनित्यतेचा उपदेश केला. परंतु ती पिल्ले अनित्यतेमुळे नव्हे, तर आमच्या अज्ञानामुळे मेली, हे आम्हाला नंतर समजले.

रानसशाचे पिल्लू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचे असते. मादी त्याला गवतात दडवून दिवसभर मुद्दाम दूर राहते, कारण ती जवळ राहिली तर शिकारी प्राण्याला माग लागेल. अंधार पडू लागला की ती थोडा वेळ येऊन दूध पाजते. म्हणजे एकटे दिसणारे पिल्लू पोरके असतेच असे नाही. चिंकाऱ्याची मादीही आपले पाडस असेच झुडपात निश्चल बसवून चरायला जाते. सशाचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट आणि स्निग्ध असते. गाईच्या दुधाने त्या पिल्लांना जुलाब लागतात. घाईने पाजलेले दूध फुप्फुसात जाऊनही पिल्ले मरतात. शिवाय रानटी जीवाला माणसाचा स्पर्श म्हणजे माया वाटत नाही. त्याच्या लेखी तो शिकाऱ्याचाच स्पर्श असतो. पाठलाग करून धरलेले हरिण अंगावर एकही जखम नसताना केवळ भीतीने आणि स्नायूंवरील ताणाने दगावू शकते.

म्हणून पहिली गोष्ट, दुरून पाहावे. पिल्लाला जखम नसेल, अंगावर माश्या वा मुंग्या लागल्या नसतील, तर त्याला हात लावू नये. कुत्री आणि माणसे दूर ठेवून मादीला परतायला संध्याकाळपर्यंत अवकाश द्यावा. उचलून आणलेले पिल्लू त्याच दिवशी त्याच जागी नेऊन ठेवता येते. पिसे फुटलेले, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारे पक्ष्याचे पिल्लू उडायला शिकत असते. त्याला फार तर जवळच्या फांदीवर ठेवावे. पिसे न फुटलेले पिल्लू घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणजे पक्षी पिल्लू टाकतात, हा समज खरा नाही.

जीव खरोखरच जखमी असेल तर त्याला हवेसाठी भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधाऱ्या आणि शांत जागी ठेवावे. तोंडात बळेच पाणी ओतू नये, खाऊ घालू नये, पाहायला गर्दी जमवू नये. खोकड, कोल्हा, लांडगा यांना उघड्या हाताने धरू नये. त्यांच्यापासून रेबीज होऊ शकतो. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लस घेण्यासाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. विहिरीत पडलेल्या प्राण्यासाठी बाज किंवा फळी दोराने खाली सोडावी, म्हणजे मदत येईपर्यंत त्याला आधार मिळतो. वनविभागाला कळविण्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

कायदाही येथे स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३९ नुसार वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता होय. असा प्राणी ज्याच्या ताब्यात येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला वा अधिकृत अधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. हेतू दयेचा असला तरी प्राणी घरी पाळता येत नाही. रक्षणकर्त्याचा हक्क तो जीव पुन्हा त्याच्या ठिकाणी पोहोचविण्यापुरताच आहे.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या संदर्भात विचार करण्याजोगी आहेत. हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. पुढे डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेले माकडाचे पिल्लू माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतले आणि त्यातून तेथील प्राणी अनाथालय उभे राहिले. त्या करुणेबद्दल आदर बाळगूनच हेही ध्यानात घेतले पाहिजे, की माणसाच्या हातून वाढलेल्या प्राण्याला सहसा रानात परतता येत नाही. त्याला आयुष्यभर सांभाळावे लागते. दुसरे उदाहरण जुन्नर परिसरातील. तेथे ऊसतोडीच्या वेळी बिबट्याची पिल्ले सापडतात. वनविभागाचे कर्मचारी आणि पशुवैद्य ती तपासून संध्याकाळी त्याच शेतात ठेवतात, आणि अनेकदा रात्री मादी येऊन पिल्ले घेऊन जाते. येथे माणसाने सर्वांत कमी केले, आणि त्या जीवाला सर्वांत जास्त मिळाले.

काही धम्मबांधव विचारतील, ‘माणसांवरील अन्याय संपले नाहीत, मग सशा-खोकडांची चिंता आपण का करावी?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंग्यांना साखर घालणारे हात माणसाला पाणी नाकारीत होते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि अस्पृश्यांना मज्जाव होता. म्हणूनच २० मार्च १९२७ चा सत्याग्रह घडला. मेलेली जनावरे ओढण्याचे काम जातीने आपल्यावर लादले होते. जी भूतदया माणसाला वगळते ती दया नव्हे, दंभ होय. परंतु दांभिकांनी भूतदयेचे नाव घेतले म्हणून आपण मैत्री टाकून द्यावी, हे योग्य नाही. बाबासाहेबांनी करुणेच्या पुढे जाऊन मैत्री सांगितली. करुणा माणसांविषयी, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांविषयी, असा भेद त्यांनी केला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरील दया आणि त्यांचे पालन यांचा समावेश आहे. अहिंसेचा विचार करताना गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा यांत फरक करावा, असेही त्यांनी दाखवून दिले. अर्थात हा कर्मकांडाचा नियम नाही. हे विवेकाने आचरावयाचे तत्त्व आहे.

या तत्त्वाला आपल्या इतिहासाचा आधार आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसे आणि पशू या दोहोंच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले. औषधी वनस्पती लावणे, विहिरी खोदणे, झाडे लावणे यांचाही त्यात उल्लेख आहे. पाचव्या स्तंभलेखात पोपट, मैना अशा अनेक जीवांना अवध्य ठरविले आहे. अशोकाच्या दयेत व्यवस्था होती, ज्ञान होते. बाबासाहेबांनीही प्रज्ञेला शील, करुणा आणि मैत्री यांची जोड आवश्यक मानली. आमच्या अनुभवाने आम्हाला याची दुसरी बाजू शिकविली. प्रज्ञा नसेल तर करुणेचा हातही घातक ठरतो. अष्टांगिक मार्गात सम्यक दृष्टी आधी येते आणि सम्यक कर्मान्त मागाहून, याचा अर्थ आम्हाला त्या दोन पिल्लांनी शिकविला.

आता विहारात मुले पिल्लाची बातमी घेऊन आली की आम्ही प्रथम विचारतो, ‘ते कोठे आहे?’ त्यांनी ते आणलेले नसते. ती जागा दाखवितात. मग आम्ही सारे बांधाआड, लांब, गप्प बसून राहतो. दिवस मावळतो, गवत हलते, आणि मुले एकमेकांकडे पाहून हसतात.