११२ लावल्यावर आधी पत्ता

मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. तरी तुमचा ११२ चा फोन नाक्यावरच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो राज्याच्या नियंत्रण कक्षात उचलला जातो आणि मग जवळच्या गाडीला निरोप जातो. पलीकडच्या माणसाला तुमची आळी ठाऊक नसते. म्हणून आधी ठिकाण सांगा: नालासोपारा की विरार, पूर्व की पश्चिम, जवळचे देऊळ, चर्च किंवा शाळा. पूर्व-पश्चिम चुकली तर गाडी रेल्वेमार्गाच्या भलत्याच बाजूला जाते, आणि उड्डाणपुलावरची गर्दी आपण जाणतोच. मग काय घडले, कोणी जखमी आहे का, ते सांगा. फोन स्वतःहून ठेवू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात.