रहाटपाळणा : जपायचा तो फिरता

मंडळी, आज आपण मुरुडात बसून जत्रेतल्या जुन्या पाळण्यांबद्दल बोलणार आहोत. त्याची सुरुवात विहिरीपासून करू. आपल्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पंप येण्याआधी रहाटाच्या पाण्यावर वाढल्या. विहिरीवर उभं लाकडी चाक, त्यावर लोट्यांची माळ, आणि फिरवायला बैल नाहीतर माणसाचे पाय. लोट्यांच्या जागी पाळणे टांगले की झाला रहाटपाळणा! भाषेने दोन्ही यंत्रं एकाच शब्दात बांधली आहेत.

असे पाळणे फार जुने. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२० साली आजच्या बल्गेरियात माणसांना बसवून फिरवणारी चाकं पाहिली आणि लिहून ठेवली. शिकागोचं फेरिसचं प्रचंड लोखंडी चाक आलं ते १८९३ मध्ये. आडवा फिरणारा, लाकडी घोड्यांचा चक्रपाळणा युरोपात आधी माणसं आणि जनावरं फिरवत. १८६० नंतर तिथे वाफेचं इंजिन आलं. आपल्या जत्रांत मात्र हाताचं बळ पुष्कळ टिकलं. मुंबईत माहीमच्या जत्रेत आऱ्यांवर चढून, स्वतःच्या वजनाने चाक फिरवणारी माणसं लोकांनी अगदी अलीकडेपर्यंत पाहिली आहेत.

आता दुरुस्तीकडे येऊ. जुना पाळणा हाती आला की आपण पहिल्यांदा घोड्यांना रंग काढायला धावतो. तिथे थांबायला हवं. पाळण्याचा जीव असतो त्याच्या आसात. आस झिजला आहे का, खांब जमिनीत शिरतो तिथे कुजला आहे का, बोल्टाची भोकं मोठी झाली आहेत का, हे आधी बघायचं. लाकूड हातोडीने ठोकून पाहिलं की पोकळ भाग आवाजावरून कळतो. किनाऱ्यावर खारा वारा लोखंड लवकर खातो, म्हणून खिळा-बोल्ट बाहेर काढूनच तपासावा. कुजका भाग तेवढाच काढून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा द्यावा. तपासणीआधी तैलरंग मारू नये, कारण त्याखाली भेगा लपतात.

दुसरी गोष्ट मोटरीची. हाताच्या वेगासाठी बांधलेल्या सांगाड्याला मोटर जोडली की हिशेब बदलतो. वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. समजा, चक्रपाळण्यावर मध्यापासून तीन मीटरवर वीस किलोचं मूल बसलं आहे. मिनिटाला सहा फेऱ्या असतील तर जोर अडीच किलोंच्या वजनाइतका. बारा फेऱ्या केल्या तर तो दहा किलोंच्या घरात जातो. मुलाचे हात आणि घोड्याचा दांडा, दोघांनाही तो पेलावा लागतो. म्हणून मोटर लावायचीच तर जुन्या वेगाला बांधूनच लावावी.

मग तो नुसता बघायला ठेवला तर? बंद आस एकाच बाजूवर भार घेत राहतो, वंगण सुकतं, आणि बिघाड कोणाच्या लक्षातच येत नाही. जर्मनीत हानाऊ शहराजवळच्या विल्हेल्म्सबाद बागेत १७८० च्या सुमाराचा चक्रपाळणा आहे. तो कित्येक दशकं बंद होता. नागरिकांच्या मंडळाने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये तो पुन्हा फिरला.

खर्चाचं काय, हा प्रश्न उरतोच. एकदाच मोठी देणगी मिळाली की उद्‌घाटन होतं. वंगण, दोर आणि दरवर्षीची तपासणी यांना मात्र दरवर्षी पैसे लागतात. महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले ते याच मुरुडात. त्यांनी गावाच्या कामांसाठी ‘मुरुड फंड’ काढला होता, लोकांच्या वर्गणीवर चालणारा. सार्वजनिक पाळण्यालाही तसाच फंड हवा, आणि एक वही हवी. वंगण कधी दिलं, कोणता बोल्ट बदलला, कोणी तपासलं, हे त्यात लिहायचं. जत्रेच्या सकाळी ती वही कोरी निघाली, तर त्या दिवशी मुलांना पाळण्यात बसवू नये.