आत्मरक्षण की सूड? कस्तुरबा नगर प्रकरण आणि आपली सदसद्विवेकबुद्धी

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, न्यायकक्षातच, अक्कू यादव या गुंडाची जमावाने हत्या केली. त्याच्यावर खून, बलात्कार व खंडणीचे आरोप होते. पोलिसांनी आपले संरक्षण केले नाही, आणि तो जामिनावर सुटून पुन्हा वस्तीत येईल, अशी कस्तुरबा नगरातील स्त्रियांची भावना होती. 'आम्हा सर्वांनाच अटक करा', असे म्हणत त्या एकमेकींच्या पाठीशी उभ्या राहिल्या. २०१४ साली न्यायालयाने आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता केली. हत्या कोणी केली हे सिद्ध झाले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती आत्मरक्षणासाठी होती काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

या प्रश्नावर मते दुभंगतात, कारण मूळ विश्वासच भिन्न असतात. कायद्याच्या राज्यावर ज्याची श्रद्धा आहे तो म्हणतो, 'आरोपी पोलिसांच्या ताब्यात होता. त्या क्षणी धोका कोठे होता?' ज्याने वर्षानुवर्षे दहशत सोसली तो म्हणतो, 'धोका क्षणाचा नव्हता, रोजचाच होता.' घटना एकच, परंतु एकाला ती सूड वाटते, तर दुसऱ्याला बचाव.

भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये खासगी बचावाचा हक्क मान्य केलेला होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यू किंवा बलात्काराची वाजवी भीती असल्यास हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंतही हा हक्क जातो. मात्र शासकीय संरक्षण मागण्यास अवधी असेल तर तो मिळत नाही, आणि आवश्यकतेपेक्षा अधिक इजाही करता येत नाही. संरक्षण मागूनही ते मिळालेच नाही तर काय, हीच कस्तुरबा नगरची व्यथा होती.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे मार्गदर्शक ठरते. पाचवी आज्ञा मनुष्यहत्येस मनाई करते. तथापि स्वतःचा जीव वाचविणे हाच हेतू असेल आणि बळाचा वापर प्रमाणात असेल, तर बचाव न्याय्य आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्यासाठी तर बचाव हे गंभीर कर्तव्यही ठरू शकते, असे कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. सूडाला मात्र येथे स्थान नाही. त्याच वेळी भय व जबरदस्ती यांमुळे व्यक्तीची नैतिक जबाबदारी कमी होऊ शकते, हेही तोच ग्रंथ शिकवतो.

म्हणून आपण दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या: कृत्याचे मूल्यमापन आणि व्यक्तीचा दोष. ताब्यातील माणसाला ठार करणे आपण न्याय्य म्हणू शकत नाही. परंतु त्या स्त्रियांवर दोषाचा दगड उचलण्यापूर्वी, त्यांच्या हाकेला वेळीच कोण धावून गेले, हेही आपण विचारले पाहिजे. आपल्या धर्मग्रामातील एखादी भगिनी आज अशाच भीतीत जगत असेल. तिची तक्रार ऐकणे, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जाणे आणि निकाल लागेपर्यंत तिच्या पाठीशी राहणे, हे आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे.