कामावर निघालेली सायकल

खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा, पिंपरीतला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 चा. अशा कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा, आणि पुणे देशभर सायकलींचे शहर म्हणून ओळखले जायचे. नगरपालिका सायकलवर कर घेई, पत्र्याचा बिल्ला देई. अंधारात दिवा नसला तर पोलीस अडवत. म्हणजे सायकल हे रस्त्यावरचे रीतसर वाहन होते.

पुढे स्कूटर हप्त्यावर मिळू लागली, घरे कामापासून लांब गेली. तरीही सायकलस्वार संपलेले नाहीत. सोसायटीचे रखवालदार, रंगारी, बांधकामावरचे मिस्त्री आजही पहाटे डबा हँडलला अडकवून निघतात. सायकलची चर्चा मात्र रविवारी सिंहगडाकडे जाणाऱ्या गिअरवाल्यांभोवतीच फिरते, याची मला खंत वाटते. रस्ता आधी त्यांच्यासाठी हवा, ज्यांना दुसरे साधन परवडत नाही.

बससाठी राखीव मार्गिका असलेली कात्रज-स्वारगेट बीआरटी 2006 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आखले होते. 2017 च्या सायकल आराखड्यात तर सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपासचे जाळे होते. कागद चांगलाच होता. प्रत्यक्षात ट्रॅकवर दुचाकी उभ्या असतात, मध्येच विजेची डीपी येते, आणि चौक आला की ट्रॅक संपतो. धोका खरा तिथेच असतो. डावीकडे वळणारी बस किंवा ट्रक आपल्या डाव्या अंगाला असलेल्या सायकलवाल्याला पाहूच शकत नाही, म्हणून ट्रॅक चौकातून पलीकडे नेणे हेच अभियंत्याचे मुख्य काम. तुकड्यातुकड्यांनी बांधलेला ट्रॅक नसल्यासारखाच.

तोवर चालवणाऱ्याने काय करावे? गटाराच्या कडेला चिकटू नये. तिथे काचा, वाळू आणि खचलेली झाकणे असतात. उभ्या मोटारींपासून हातभर तरी लांब राहावे, कारण दार कधीही उघडते. रिक्षा प्रवासी दिसला की अचानक डावीकडे येते, तेव्हा तिच्या मागे राहणेच बरे. सिग्नलला अवजड गाडीच्या डावीकडून पुढे घुसू नये. नागमोडी जाण्यापेक्षा सरळ रेषेत चालवले की मागच्याला अंदाज येतो. पावसात रिमला लागणारे ब्रेक उशिरा धरतात आणि झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे निसरडे होतात, म्हणून ब्रेक लवकर दाबावा. मागे लाल दिवा हवाच.

वेळेचा हिशेब फारसा वाईट नाही. सावकाश चालवूनही ताशी पंधरा किलोमीटर पडतात, म्हणजे आठ किलोमीटरला साधारण अर्धा तास. गर्दीच्या वेळी मोटारीलाही याहून फार कमी लागत नाही. तब्येतीचे म्हणाल, तर ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका 41 टक्के कमी आढळला. ते लोक मुळातच जास्त निरोगी असतील, ही शंका उरतेच; तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

मोटार चालवणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. ताशी साठचा वेग तीसवर आणला की धडकेची ऊर्जा निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. सायकलवाल्याच्या जिवाचा निकाल बहुतेकदा इथेच लागतो.

ज्यांच्या हाती कचेरी किंवा सोसायटी आहे, त्यांना विनंती: यंदा आवारात सावलीतला सायकल स्टँड आणि हातपाय धुवायला एक नळ द्या, आणि तो रखवालदारालाही वापरू द्या.