उपासनेत पुढे उभं राहताना: शालीनता म्हणजे नेमकं काय?

आजचा विषय मला एका कागदाने दिला. काही महिन्यांपूर्वी आपल्या नागपुरातल्या एका मंडळीतली तीन-चार तरुण मुलं घरी आली. मंडळीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. रविवारच्या उपासनेत गाणारी, गिटार-कीबोर्ड वाजवणारी ही मुलं. आता त्यांना 'वर्शिप टीम' म्हणतात. आमच्या वेळी 'क्वायर' म्हणत. टीमच्या पोशाखाचे नियम त्यांनी टाइप करून आणले होते. "सर, कमिटीपुढे ठेवायच्या आधी एकदा नजर टाका."

अकरा नियम होते. त्यातले नऊ मुलींसाठी: बाही किती, गळा किती, कुर्ता गुडघ्याच्या किती खाली, लेगिंग चालेल की नाही, ओढणीला पिन हवी. मुलांसाठी एक: फाटकी जीन्स नको. आणि अकरावा सगळ्यांसाठी: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठरलेल्या रंगाचा पोशाख घालावा. हा शेवटचा नियम आधीच सुरू झाला होता, बाकीचे व्हायचे होते.

मी विचारलं, "हा अकरावा कोणाला जड जातो का?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग हळूहळू कळलं. टीममध्ये सगळ्यात चांगला आवाज जिचा, तिची आई चार घरची धुणीभांडी करते. पहिल्या महिन्याचा रंग मरून होता, दुसऱ्या महिन्याचा पिस्ता. पिस्ता जाहीर झाला आणि त्या मुलीचा घसा बिघडला. तो अजून बरा झालेला नव्हता.

आता बघा, नऊ नियमांशी तिचं काहीच भांडण नव्हतं. ती पूर्ण बाहीचा साधा कुर्ता घालूनच यायची. तिला बाहेर काढलं ते अकराव्याने, आणि त्या नियमाकडे शालीनतेचा प्रश्न म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं. तो आपला शोभेचा भाग. मला वाटतं, गोंधळ इथेच आहे.

'शालीन' हा शब्द आपण सहज वापरतो. पाणिनीने त्याच्यासाठी एक सूत्र खर्ची घातलं आहे, आणि त्या सूत्रात 'शालीन' आणि 'कौपीन' हे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. (कौपीन म्हणजे लंगोटी. वैयाकरणांना विनोदबुद्धी नसते असं यापुढे म्हणू नका.) शालीन म्हणजे अधृष्ट, जो धिटाई करत नाही तो. टीकाकार त्याचा संबंध 'शाला' म्हणजे घर किंवा दालन याच्याशी लावतात: जो आत येण्याजोगा आहे तो शालीन. आपला दुसरा शब्द 'सभ्य'. तो तर सरळच आहे. जो सभेत बसण्याजोगा, तो सभ्य. म्हणजे कापड किती इंच, हा प्रश्न या दोन्ही शब्दांत नाही. चार माणसं जमलेल्या जागी मी कसा येतो, एवढाच आहे.

पण यात एक धोका आहे. 'धिटाई' कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार? एकोणिसाव्या शतकातल्या त्रावणकोरचं उदाहरण घ्या. तिथे नाडर आणि इतर खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांनी उच्चवर्णीयांसमोर छाती झाकणं हाच उद्धटपणा समजला जाई. अंग झाकणं म्हणजे पायरी सोडणं. ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रिया जाकीट घालू लागल्या, वरून कापड घेऊ लागल्या, तेव्हा त्यांचे कपडे बाजारात फाडले गेले, दंगली झाल्या. शेवटी १८५९ मध्ये महाराजांना जाहीरनामा काढून नाडर स्त्रियांना अंग झाकायची परवानगी द्यावी लागली. त्या काळच्या 'सभ्य' लोकांच्या व्याख्येप्रमाणे या बायका निर्लज्ज होत्या, कारण त्यांनी अंग झाकलं होतं! तेव्हा शालीनतेचा नियम दिसला की मी आधी बघतो, हा नियम लाज राखतो आहे की पायरी राखतो आहे.

आता पवित्र शास्त्राकडे येऊ, कारण त्या कागदाखाली वचनांचे संदर्भ दिले होते. पहिला अर्थातच १ तीमथ्य, अध्याय २, वचन ९. हे वचन आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की आता वाचत नाही. त्यात स्त्रियांनी काय टाळावं असं सांगितलं आहे? केसांच्या घड्या आणि गुंफण, सोनं, मोती, महागडी वस्त्रं. चारही गोष्टी पुन्हा मोजा. यात एकही गोष्ट अंग उघडं टाकण्याची नाही. चारही पैशाच्या आहेत. केसांची गुंफणसुद्धा, कारण तशी केशरचना करायला घरात दासी लागायची. हे पत्र इफिसात असलेल्या तीमथ्याला उद्देशून आहे. इफिस म्हणजे बंदराचं, व्यापाराचं, अर्तमी देवीच्या प्रचंड मंदिराचं श्रीमंत शहर. आणि तिथल्या मंडळीत मालकीणही बसे आणि गुलाम बाईही बसे. (पत्र पौलाचं की त्याच्या शिष्याचं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आज तो वाद नको.)

त्याच वचनात सभ्यतेसाठी ग्रीक शब्द आला आहे 'कॉस्मिओस'. मूळ 'कॉस्मॉस', म्हणजे सुव्यवस्था. सौंदर्यप्रसाधनाला इंग्रजीतून आलेला आपला 'कॉस्मेटिक' त्याच मुळाचा. दुसरा शब्द 'ऐदोस': लाज, भीड, दुसऱ्याची बूज. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा शब्द भेटतो प्लेटोच्या 'प्रोटागोरस' संवादात. तिथे गोष्ट अशी आहे की माणसं एकत्र राहू शकत नव्हती, आपसात भांडून मरत होती, म्हणून झ्यूसने हर्मीसच्या हाती ऐदोस आणि न्याय हे दोन गुण पाठवले. हर्मीस विचारतो, वैद्यकी जशी एखाद्यालाच येते तसं हे काही जणांनाच वाटू का? झ्यूस म्हणतो, नाही, सगळ्यांना वाट. काही जणांकडेच असेल तर नगर टिकणार नाही. नऊ नियम मुलींना आणि एक मुलांना, अशी वाटणी झ्यूसला चालली नसती.

मुलांनी दिलेला दुसरा आधार 'अडखळण' हा होता. आपल्यामुळे दुसऱ्या भावाने अडखळू नये. तत्त्व मोलाचं आहे. पण पौल ते मांडतो रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८व्यात, आणि दोन्हीकडे प्रश्न आहे खाण्यापिण्याचा. दुर्बळ माणसासाठी सबळाने आपला हक्क सोडावा असा तो युक्तिवाद आहे. आणि नजरेबद्दल येशूने जे सांगितलं, मत्तय ५ मध्ये, ते बघणाऱ्याला सांगितलं. डोळा उपटून टाकायची भाषा तिथे आहे, आणि तो डोळा बघणाऱ्याचाच आहे.

याचा अर्थ अंग झाकण्याचा प्रश्नच नाही असा नाही. पुढे उभं राहणाऱ्यांना तो आहे, आणि फार जुना आहे. निर्गम २०च्या शेवटच्या वचनात वेदीला पायऱ्या करू नका असं सांगितलं आहे, वर चढताना नग्नता दिसू नये म्हणून. पुढे २८व्या अध्यायात याजकांना तागाचे चोळणे घालायला सांगितले आहेत, कमरेपासून मांडीपर्यंत. गंमत अशी की बायबलमधला उपासनेत पुढे उभं राहणाऱ्यांसाठीचा हा सर्वांत जुना नियम पुरुषांसाठी आहे. आणि तो किती व्यवहारी आहे बघा. उंची आली की कोन बदलतो. आज आपल्या चर्चमध्ये तीन फुटी स्टेज आहे, पहिल्या बाकावर लहान मुलं बसतात आणि उपासना लाइव्ह दाखवणारा कॅमेरा बहुधा खालून वर लावलेला असतो. गिटारवाला पेडल दाबायला वाकतो तेव्हा त्याचा शर्ट वर जातो, हेही त्यात आलं. तेव्हा नियम करायचाच तर एकाने स्टेजवर उभं राहावं, दुसऱ्याने पहिल्या बाकावरून बघावं, हात वर करून, वाकून, बसून. ज्याला-जिला अवघड वाटेल त्याने ते कपडे त्या दिवशी टाळावेत. यासाठी इंचपट्टी लागत नाही.

यहेज्केलाच्या ४४व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती मला नागपूरकर म्हणून फार आवडते. याजकांनी तागाचे कपडे घालावेत, लोकर नको, घाम येईल असं काही नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा पॉलिस्टरचा गाउन घालून गाणाऱ्या क्वायरने हे वचन कमिटीला जरूर वाचून दाखवावं. गाउनवरून आठवलं. क्वायरचा तो पांढरा झगा, सरप्लिस, त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'लोकरी-कातडी अंगरख्यावरून घालायचा' असा. उत्तर युरोपातल्या थंडगार चर्चमध्ये पाद्री आत फरचा कोट घालत, त्याच्यावर मावेल असा हा सैल झगा. तो आपण विदर्भात आणला!

आणि तरीही त्या झग्याच्या बाजूने मला एक गोष्ट सांगायची आहे. आपल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्यात झगे घालणारे अँग्लिकन होते, आणि साधा पोशाख हीच भक्ती मानणाऱ्या परंपरेतले ब्रदरन लोकही होते. एकाला झगा म्हणजे आदर, दुसऱ्याला तोच झगा म्हणजे दिखावा. पण दोघांच्या मुळाशी हेतू एकच होता: पुढे उभ्या असलेल्या माणसाचा खिसा दिसू नये. आमच्या लहानपणी क्वायरचे गाउन चर्चच्या कपाटात असत. उसवलेले, कॉलरला डाग पडलेले. डॉक्टरांची मुलगी आणि चौकीदाराची मुलगी एकाच कपाटातून एकसारखा गाउन काढायची. उपासना झाली की परत खुंटीला. यहेज्केलही हेच सांगतो: बाहेर लोकांत जाताना ती वस्त्रं पवित्र खोल्यांत काढून ठेवा. आणि निर्गमात अहरोनाच्या वस्त्रांचं साहित्य आलं कुठून? लोकांनी स्वखुशीने आणलेल्या अर्पणातून. वस्त्र मंदिराचं, खर्च सगळ्यांचा.

एकाच रंगाचं सामर्थ्य तर या शहराने १४ ऑक्टोबर १९५६ला पाहिलं आहे. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय पांढऱ्या वस्त्रांत आला, स्वतः बाबासाहेबही पांढऱ्या वस्त्रांत. त्याआधी १९२७मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितलं होतं की लुगडं नेसायच्या पद्धतीवरून, दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती पद्धत सोडा. हाही पोशाखाचा नियमच. पण तो माणसाला त्याच्या पायरीवरून मोकळं करणारा होता. दर महिन्याला नवा रंग ठरवला की नेमकं उलटं होतं. कोणाला परवडतं आणि कोणाला नाही, हे स्टेजवर उभं करून दाखवलं जातं.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय मुलांच्या कागदावर नव्हता. पोशाखाबद्दल नव्या करारातला सर्वांत स्पष्ट उतारा माझ्या मते तोच आहे. सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घातलेला माणूस सभेत आला, आणि मळक्या कपड्यातला गरीबही आला. पहिल्याला चांगली जागा दिली, दुसऱ्याला म्हटलं तिथे उभा राहा, नाहीतर पायाशी बस. याकोब दोष कोणाला देतो? कपडे घालणाऱ्या दोघांपैकी कोणालाच नाही. बसायची जागा देणाऱ्यांना देतो.

मुलांशी मग दोन संध्याकाळी बोलणं झालं. नऊ नियमांचा एक झाला, मुलगे-मुली दोघांसाठी, तो स्टेजवर उभं राहून बघण्याचा. त्यातल्या एकीने विचारलं, डोक्यावर पदर किंवा ओढणी? मी म्हटलं, १ करिंथ ११ काढ. तिथे पौल स्त्रीने डोकं झाकावं म्हणतो खरं, पण प्रार्थना करताना आणि संदेश देताना. म्हणजे ती सभेत मोठ्याने बोलते आहे हे त्याने गृहीतच धरलं आहे. ज्या घरात आजी पदर घेते, तिथली नात घेईल. तिने घ्यावाच, असा नियम तुम्ही करू नका. रंगाचा नियम काढायला मात्र वेळ लागला. "सर, फोटो चांगले येतात," असं एकजण म्हणाला, आणि तो खरं बोलत होता. शेवटी ठरलं की नाताळ आणि पुनरुत्थानाच्या रविवारी सगळ्यांचे सारखे सुती कुर्ते असावेत, ते मंडळीच्या पैशातून शिवावेत आणि चर्चच्या कपाटात राहावेत. एरवी ज्याचं त्याने धुतलेलं, इस्त्री केलेलं घालावं.

तो कागद आता कमिटीपुढे आहे. कुर्त्यांच्या खर्चावर चर्चा चालू आहे असं ऐकतो. पहिल्या रविवारचा रंग त्यांनी बंद केला. पण त्या मुलीकडे जाऊन हे सांगायचं कोणी, यावर मुलांचं घोडं अडलं होतं. मी म्हटलं, रविवारी उपासना झाली की थांबा, मीही बरोबर येतो.