केसपेपर एक, दरवाजे अनेक : रुग्णांच्या माहितीची मांडणी आणि राखण



वार्षिक अहवालात खाटा, शस्त्रक्रिया, औषधे आणि जमाखर्च यांचा तपशील असतोच. परंतु रुग्णालयाजवळ आणखी एक ठेव असते, जिची नोंद ताळेबंदात होत नाही. ती ठेव म्हणजे रुग्णांनी विश्वासाने स्वाधीन केलेली स्वतःविषयीची माहिती. ‘आमच्या देणगीतून कोणावर उपचार झाले, त्यांची नावे का कळवीत नाही?’ असा रास्त प्रश्न देणगीदारांच्या मनात येतो. त्याचे उत्तर देण्यासाठी ही ठेव कशी लावावी आणि कशी राखावी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

किल्ल्याचे दोन धडे

दौलताबादचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे एकाआड एक तट. त्यापुढे खडकात खोदलेला खंदक, तासून उभा केलेला कडा आणि अंधारीची वाट. अंबरकोटात आलेल्या माणसाला बालेकिल्ल्यात आपोआप प्रवेश मिळत नसे. प्रत्येक दरवाजावर त्याचे काम काय, हे नव्याने पाहिले जाई. हा पहिला धडा.

दुसरा धडा इ. स. १२९६ मधील आहे. अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा दिला, तेव्हा गडावर धान्य समजून साठविलेल्या गोण्यांत प्रत्यक्षात मीठ निघाले, अशी हकिकत फरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. तट अभेद्य होते, पण कोणत्या गोणीत काय आहे याची खात्रीची नोंद नव्हती. माहिती नीट लावलेली नसेल, तर नुसत्या पहाऱ्याने ती उपयोगी पडत नाही.

याच देवगिरीत यादवांच्या पदरी हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा ‘श्रीकरणाधिप’ होता. राज्याचे दप्तर त्याच्या अखत्यारीत असे. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात व्रत, दान, तीर्थ, मोक्ष अशी विषयवार मांडणी केली आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही लिहिली. दप्तर आणि वैद्यक या दोन्हींत गती असलेला हा पुरुष आपल्याच परिसरातला, हे स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

संगणकातील केसपेपर

पूर्वी केसपेपर कागदी होता. तो ज्याच्या हाती येई, त्याला सर्व काही दिसे. मात्र तो एका वेळी एकाच्याच हाती असे. रुग्णालयाच्या संगणकप्रणालीत तोच केसपेपर एकाच क्षणी नोंदणी खिडकी, वॉर्ड, प्रयोगशाळा, औषधभांडार आणि रोकड खिडकी येथे उघडता येतो. सोय वाढली, तशी जोखीमही वाढली.

समजा, शरणापूरच्या एक भगिनी शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या आहेत. चौकशी खिडकीस त्यांचा वॉर्ड व खाट क्रमांक पुरेसा आहे. औषधभांडारास औषधांची यादी आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे कळलेच पाहिजे. न कळल्यास जिवावर बेतेल. वैद्यकीय समाजसेवकास उत्पन्नाचा दाखला पाहावा लागतो. रोकड खिडकीस सवलतीची रक्कम कळली की काम भागते. त्यामागची घरची परिस्थिती तेथे उघडी पडण्याचे कारण नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना व परिचारिकांना उपचारविषयक सर्व नोंदी हव्यात. परंतु रुग्ण मोफत खाटेवर आहे की पैसे भरून, याने त्यांच्या सेवेत फरक पडता कामा नये.

म्हणून चांगल्या प्रणालीत केवळ ‘कोण पाहतो’ एवढाच विचार पुरत नाही. तो कोणत्या कामासाठी पाहतो, त्या रुग्णाशी त्याचा त्या वेळी संबंध आहे काय आणि तो संबंध कधी संपतो, हेही पाहावे लागते. काल ज्या वॉर्डात नेमणूक होती, तेथील केसपेपर आज बदलीनंतरही उघडत असेल, तर तो दरवाजा बंद करायचा राहून गेला असे समजावे.

आणीबाणीची किल्ली

फार कडक कुलूपही घातक असते. रात्री दोन वाजता बेशुद्ध रुग्ण येतो, त्याचे नेहमीचे डॉक्टर उपलब्ध नसतात. अशा वेळी परवानगीची वाट पाहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. यासाठी आणीबाणीच्या प्रवेशाची सोय ठेवतात. कर्तव्यावरील डॉक्टर कारण नोंदवून केसपेपर तत्काळ उघडू शकतात. कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंद आपोआप राहते आणि वरिष्ठांनी ती नंतर तपासावयाची असते. म्हणूनच एकच पासवर्ड साऱ्या वॉर्डाने वापरणे गैर ठरते. तसे झाल्यास नोंदीत नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, अशी गत होते.

आकडे द्यावेत, ओळख देऊ नये

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. राज्याच्या साहाय्याचा लाभ घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्यात, अशी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार योजना आहे. त्यांचा हिशोब मागण्याचा विश्वस्तांना व देणगीदारांना पूर्ण अधिकार आहे. किती रुग्ण, कोणते उपचार, किती खर्च हे सर्व त्यांना मिळालेच पाहिजे.

नावाचे तसे नाही. एवढेच नव्हे, नाव गाळल्यानेही ओळख झाकली जातेच असे नाही. ‘शरणापूर, वय ३४, अमुक आजार, अमुक महिना’ एवढे छापले, तरी लहान गावात ती व्यक्ती कोण, हे संध्याकाळपर्यंत पारावर कळते. मोठ्या शहरात निरुपद्रवी असणारा तपशील येथे एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकतो किंवा एखाद्या मजुराचे काम घालवू शकतो. दानाने रोग बरा व्हावा आणि लौकिकास धक्का लागावा, हे कोणत्याही दात्यास रुचणार नाही.

कायदा आणि दक्षता

कायद्याचाही रोख हाच आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारविषयक नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जतन कराव्या लागतात आणि रुग्णाने वा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. एचआयव्हीबाधितांविषयीचा २०१७ चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य सेवा कायदा गोपनीयतेवर विशेष भर देतात. २०२३ मध्ये डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. नातेवाइकांनीही लक्षात घ्यावे की, प्रौढ व सावध रुग्णाची माहिती त्याच्या संमतीनेच इतरांस द्यावयाची असते. खिडकीवर मिळालेला नकार हा अविश्वास समजू नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर संगणकहल्ला झाला आणि तेथील कामकाज अनेक दिवस हाताने चालवावे लागले. नोंदींची प्रत वेगळ्या, सुरक्षित ठिकाणी ठेवणे आणि त्या प्रतीवरून काम पुन्हा उभे राहते काय, हे अधूनमधून करून पाहणे, हा यातील बोध आहे. गोणी उघडून पाहिल्याखेरीज आत धान्य आहे असे मानू नये!

यंत्रसामग्रीसाठी देणगी देणारे अनेक असतात. नोंदींची व्यवस्था, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि प्रती राखण्याचा खर्च हे मात्र कोनशिलेवर दिसत नाहीत. तरीही रुग्ण डॉक्टरांपुढे निःसंकोचपणे बोलतो तो या व्यवस्थेच्या भरवशावरच, आणि त्याने खरे सांगितले तरच निदान अचूक होते. या न दिसणाऱ्या कामासही आपले साहाय्य लाभावे, ही नम्र विनंती.